कमरेपुरतं बोल

आमच्या आत्तीची कंबर बिघडली ती गाडी आपोआप चालायला लागल्यामुळे. हे मी शाळेत सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग हसला, पण ते शब्दन्‌शब्द खरं आहे, आणि वर शास्त्रीयही आहे!

वैजयंताआत्ती ही पप्पांची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून ती आमच्याकडेच राहते आणि मिरजेच्या गल्ल्यांमधून रोपांची गाडी फिरवते. गुलाब, मोगरा, जास्वंद, कडीपत्ता, काळ्या पिशव्यांमध्ये लावलेली कलमं. लाकडी हातगाडी, ओल्या मातीने जडशीळ झालेली, आणि तिच्या दांड्यावर ओणवी होऊन ढकलणारी आत्ती. मला आठवतंय तेव्हापासून ती अशीच. गेल्या वर्षी पप्पांनी हौसेने तिला चालती गाडी आणली. आपल्या कमरेला बिल्ला लावायचा, की गाडी पाळलेल्या कुत्र्यासारखी मागे मागे येते, खड्डा चुकवते, म्हशीला वाट देते.

"अक्का, आता नुसतं हात हलवत फिरायचं," पप्पा म्हणाले.

आत्ती हात हलवत निघाली आणि गल्लीच्या टोकाला जाऊन मटकन खाली बसली. मांड्यांपासून पोटऱ्यांपर्यंत कळा, पाय लाकडासारखे. बसलं की जरा वेळात बरं वाटायचं, उठून चाललं की पुन्हा तेच. गंमत म्हणजे जुनी हातगाडी घेतली की काही होत नव्हतं.

"जुन्या गाडीची हाय लागली मला," आत्ती म्हणाली. "टाकून दिली न्हवं तिला."

हायबीय काही नव्हतं. आपल्या कमरेत पाच मणके असतात, एकावर एक ठेवलेल्या कुंड्यांसारखे. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते आणि मागच्या अंगाला दोन छोटे सांधे असतात. ते कडीसारखे मणक्याला जागेवर धरून ठेवतात. वय वाढतं तशी गादी वाळते, सांधे झिजतात, कडी सैल होते आणि वरचा मणका खालच्यावरून हळूहळू पुढे घसरतो. आत्तीचा चौथा मणका पाचव्यावरून घसरला होता. त्यामुळे मणक्यांच्या मागची नळी चिमटली गेली होती, आणि पायांच्या नसा त्याच नळीतून खाली उतरतात. आता खरी कमाल ऐका. पुढे वाकलं की ती नळी जराशी उघडते, ताठ झालं की मिटते. म्हणजे इतकी वर्षं आत्ती गाडी ढकलतेय असं आम्हाला वाटत होतं, आणि ती गाडीवर रेलून स्वतःच्या नसा मोकळ्या ठेवत होती. तिचं तिलाही ठाऊक नव्हतं! नवी गाडी आली, टेकू गेला, दुखणं उघडं पडलं.

पप्पा तिला कणा केंद्रात घेऊन गेले. मीही गेले, कारण तिथे 'जुळी' असते आणि मला ती बघायचीच होती.

जुळी म्हणजे आपल्यासारखीच दुसरी बाई, पण संगणकातली. पुरुषाचा असला तर जुळा म्हणतात. आधी काही आठवडे मानेपासून गुडघ्यापर्यंत एक पातळ पट्टा घालून रोजची कामं करायची. आपण कसे वाकतो, कुठे थांबतो, श्वास किती खोल जातो, काळीज किती जोरात धडधडतं, सगळं तो टिपतो. त्यात हाडांची चित्रं आणि रक्ताचे आकडे घालून संगणक आपली नक्कल तयार करतो. मग प्रत्येक उपचार आधी तिच्यावर करून बघतात. खरं माणूस बाकड्यावर चहा पीत बसलेलं असतं, आणि तेवढ्यात जुळी चार वेगवेगळे उपचार घेऊन चार वेगवेगळी म्हातारपणं जगून येते!

पट्टा घालण्याआधी तिथल्या संगणकाच्या आवाजाने विचारलं होतं, "वैजयंताताई, तपासणीत शरीरात दुसरं काही आढळलं आणि त्यावर उपाय असेल, तर ते आम्हाला कायद्याने सांगावंच लागतं. उपाय नसेल, तर सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

आत्तीने पदर खोचला.

"हे बघ बाई, एक दाखवायला यावं तर तुम्ही दहा काढता. मी कमरेला आलीया. कमरेपुरतं बोल."

पप्पा खो खो हसले. मीही हसले. आवाज म्हणाला, "नोंद केली."

निकालाच्या दिवशी डॉक्टर नायकवडी मॅडमनी मोठा पडदा लावला. पडद्यावर एक राखाडी बाई ओणवी होऊन चालत होती.

"अगं बया," आत्ती म्हणाली, "ही तर माझ्यागतच कुबड काढून चालतीया. लाज न्हाई वाटत तिला?"

मॅडमनी रस्ते समजावून सांगितले. पहिला, कमरेला आधाराचा पट्टा, व्यायाम आणि नसेजवळ सुजेवरचं इंजेक्शन. यात मणका आहे तिथेच राहतो, पण दुखणं काही महिने दबतं. दुसरा, छोटं ऑपरेशन करून चिमटलेली नळी मोकळी करायची. तिसरा मोठा. नळी मोकळी करायची, दोन्ही मणके स्क्रू-सळ्यांनी बांधायचे आणि मध्ये हाडाचा चुरा भरायचा. वर्षभरात दोन्ही मणके मिळून एक हाड होतं.

"म्हंजी भेट कलम," आत्ती म्हणाली.

"काय?"

"दोन फांद्यांची साल तासायची, एकीला एक लावून गच्च बांधायची. जीव एक झाला की सुटत न्हाईत मग. पण तवर हलवायचं न्हाई."

"अगदी तेच," मॅडम म्हणाल्या. "तवर हलायचं नाही. पट्टा, विश्रांती, वजन उचलायचं नाही."

"मग माझ्या नशिबात काय हाय?"

मॅडम क्षणभर पडद्याकडे बघत राहिल्या. "जुळीचा कौल पहिल्या रस्त्याला आहे. इंजेक्शन आणि व्यायाम. ऑपरेशन नको."

पप्पांनी तिथल्या तिथे हात जोडले. खाली उतरल्यावर पेढे घेतले, शिपायालासुद्धा दिले. आत्तीने गाडीवरचं लाल जास्वंदाचं रोप आणून मॅडमना दिलं. मॅडमनी ते घेतलं आणि विचारलं, "अजून काही विचारायचंय का, ताई?" आत्ती नाही म्हणाली. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. आत्ती पुन्हा नाही म्हणाली.

त्याच सुमारास आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मी सरांना सांगून टाकलं की मी जुळीवर प्रयोग मांडणार, आणि पहिला नंबर आणणार! विद्यार्थ्यांसाठी जुळीचं एक छोटं रूप मिळतं, शाळेच्या टॅबवर चालणारं. मी आत्तीचे आकडे भरले. वय, मणका किती घसरलाय, पावलात किती जोर उरलाय, न थांबता किती चालता येतं. उत्तर आलं, मोठं ऑपरेशन. मला वाटलं काहीतरी चुकलं असेल. पुन्हा भरले. पुन्हा मोठं ऑपरेशन.

मी खुर्चीतून उडालेच! केंद्राची एवढी मोठी जुळी चुकली होती आणि ती चूक मी पकडली होती. मी, समृद्धी बाळासाहेब माळी, दहावी ब!

शाळा सुटल्यावर सायकल दामटत मी थेट केंद्रात गेले. मॅडमच्या खिडकीत आत्तीचं जास्वंद होतं.

"मॅडम, तुमचं मशीन चुकलंय."

"बस आधी. पाणी पी."

"पाणी नको. हे बघा." मी टॅब त्यांच्यापुढे धरला. "वय अठ्ठावन्न. बरोबर?"

"बरोबर."

"मणक्याची घसरण?"

"बरोबर आहे."

"पायाचा जोर, चालण्याचं अंतर, हाडांचा घट्टपणा?"

"सगळं बरोबर भरलंयस."

"मग उत्तर वेगळं कसं?"

त्या खिडकीतल्या जास्वंदाकडे बघायला लागल्या. मला वाटलं, सापडल्या! मी खाली सरकत एकेक रकाना पुन्हा दाखवत गेले. सगळ्यात शेवटी एक रकाना होता. त्याला मी हातच लावला नव्हता, कारण तो आपोआप भरलेला येतो. 'पुढील आयुष्य: सरासरीप्रमाणे.'

"हा तर नसेल ना?" मी विचारलं. अजून हसतच होते मी.

मॅडमनी टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं.

त्या रकान्यात एक सरकपट्टी असते. मी ती डावीकडे ओढली. वीस वर्षं, मोठं ऑपरेशन. दहा वर्षं, मोठं ऑपरेशन. पाच, तेच. तीन, तेच. पट्टी दीड वर्षाच्या खाली गेली आणि उत्तर बदललं. इंजेक्शन, पट्टा, व्यायाम.

मला ते लगेच कळलं, कारण प्रयोगासाठी मी ते पाठच केलं होतं. जुळी बेरीज करते. उरलेल्या आयुष्यातले बरे दिवस एकीकडे आणि दुखण्याचे, अंथरुणातले दिवस दुसरीकडे. मोठ्या ऑपरेशनला आधी एक वाईट वर्ष द्यावं लागतं, मग पुढची चांगली वर्षं मिळतात. ती पुढची वर्षंच नसतील तर बेरीज बुडते.

"मॅडम?"

"मी काही म्हटलेलं नाही, समृद्धी."

"हो."

"म्हणू शकतही नाही. तुला तर नाहीच. त्या विचारतील तेव्हा त्यांना सांगेन. विचारायला त्याच हव्यात."

मग मला त्या आवाजाचं पहिल्या दिवशीचं वाक्य आठवलं. उपाय असेल तर कायद्याने सांगावंच लागतं. आणि आम्हाला कुणीच काही सांगितलं नव्हतं. आम्ही पेढे वाटले होते.

सायकल घेऊन मी बाहेर आले, पण तिच्यावर बसता येईना. हातात धरून घरापर्यंत चालत गेले. दारात आत्ती ओरडली, "काय गं, पंक्चर?" मी हो म्हटलं. तिने चाक दाबून बघितलं आणि म्हणाली, "खुळी हैस. हवा हाय की ह्यात."

प्रदर्शनात मी पवनचक्की मांडली. नंबर आला नाही.

इंजेक्शन मात्र छान लागू पडलं. आत्तीने ती चालती गाडी पप्पांच्या दुकानातला माल आणायला देऊन टाकली आणि आपली जुनी हातगाडी धुऊन पुसून पुन्हा काढली. सकाळी ती सतरंजीवर उताणी पडून गुडघे छातीशी घ्यायची आणि मी आकडे मोजायचे. "ह्या वयात मला रांगायला लावलंय पोरीनं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. कधीकधी व्यायाम करता करता कोरडा खोकला यायचा. खताची धूळ, असं म्हणायची. मी पण म्हणायचे, खताची धूळ.

पप्पांना मी काहीच सांगितलं नाही. त्यांना चेहरा लपवता येत नाही. आईला सांगितलं असतं तर तिने पप्पांना सांगितलं असतं. घरात रोज पाच माणसांचं ताट वाढलं जायचं, पाचवं पप्पांच्या दुकानात काम करणाऱ्या काकांचं, आणि सगळे एकदम बोलायचे. त्यात मी एकटीच गप्प असायचे. "दहावीचं टेन्शन घेतलंय," आई सांगायची. आत्ती मात्र बोलायची थांबायचीच नाही. मालगाव रोडला कुणाची तरी पडीक जागा आहे, ती घेऊन रोपवाटिका काढू. केशर आंब्याची कलमं आताच बांधली तर तीन वर्षांनी फळ धरतील. तू कॉलेजला जाशील तेव्हा मी तुला डब्यात आमरस देईन. तिच्या प्रत्येक वाक्यात कुठलं तरी पुढचं वर्ष असायचं. आपण एरवी बोलताना किती वर्षं वापरतो हे मला तोवर माहीतच नव्हतं.

दिवाळीनंतर इंजेक्शनचा जोर ओसरला. दुसरं दिलं, ते फार टिकलं नाही. आता हातगाडीवर ओणवलं तरी पोटऱ्या भरून यायला लागल्या.

एका रविवारी दुपारी आत्ती परसात गोणपाटावर बसून कलमं बांधत होती. मी तिला प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून देत होते.

"बाळूशी बोलले मी," ती म्हणाली. "ते मोठं ऑपरेशन करून टाकायचं. स्क्रूचं."

माझ्या हातातली कात्री थांबली.

"जुळी नको म्हणाली होती ना."

"जुळीला काय जातंय बोलायला? दुखतंय मला. एक वरीस अंथरुणात गेलं तर गेलं. पुढं मोकळी झाले म्हंजी बास." तिने पट्टी ओढून गाठ मारली. "एक वरीस म्हंजी काय गं, एवढंसं तर असतंय."

मला ओरडावंसं वाटलं. वर्षभर पलंगावर, पट्ट्यात आवळलेली, हललीस तर हाड जुळणार नाही असं सगळ्यांनी दटावलेली आत्ती मला दिसली. आणि ते हाड जुळून व्हायच्या आतच.

"आत्ती, आधी मॅडमकडे जाऊ. परत विचारू."

"काय विचारायचं? सांगितलंय की त्यांनी."

"कमरेपुरतं सांगितलंय."

तिने मान वर केली. मी पट्टी कापायला घेतली, ती वाकडी कापली गेली.

"तुला काय ठाऊक हाय?"

"तू विचार ना त्यांना."

"समे, माझ्याकडं बघ."

मी बघितलं. तिने माझा चेहरा नीट न्याहाळला, विकायला आणलेलं रोप कीड लागलंय का म्हणून उलटंपालटं करून बघते तसा.

"किती दिवस झालं तुला ठाऊक हुतं?"

"प्रदर्शनाच्या आधीपासून."

"आणि पवनचक्की लावलीस."

मला रडू फुटलं. तिने मातीच्या हाताने माझं डोकं आपल्या मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "ऊठ आता. एवढं कलम अर्धं बांधलंय, ते तरी पुरं करू दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं केंद्रात गेलो. पप्पांना वाटत होतं ऑपरेशनची तारीख घ्यायला आलोय.

आत्ती खुर्चीत पुढे झुकून बसली आणि म्हणाली, "मॅडम, मी विचारतीया. कमरेच्या वरचं सांगा."

मॅडमनी खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली आणि साध्या शब्दांत सांगितलं. फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, वाळलेल्या घोसाळ्यासारखी. वेगाने पसरणारा प्रकार आहे. थांबवणारं औषध अजून कुणाकडे नाही. हातगाडीवर रेलून थांबत थांबत चालायचं, म्हणून दम जाणवला नाही, नाहीतर आधीच लक्षात आलं असतं. आता पायऱ्या चढताना लागेल, मग बोलताना.

"किती?"

"वर्षभर. थोडं कमी किंवा थोडं जास्त."

पप्पा उठून उभे राहिले, परत बसले आणि "अक्का, अक्का" करत लहान पोरासारखे रडायला लागले.

"बाळू, गप," आत्ती म्हणाली. तिचा हात पप्पांच्या पाठीवर होता. "मला ऐकू दे." तिने पदराने स्वतःचे डोळे पुसले, एकदाच, आणि मॅडमकडे वळली. "मोठं ऑपरेशन तर आता नकोच. इंजेक्शन संपलं. मधलं काय ते हाय, नळी मोकळी करायचं, त्याचं बोला."

"ते होऊ शकतं," मॅडम म्हणाल्या. "लहान आहे. कमरेखालचा भागच बधिर करायचा, पूर्ण भूल लागत नाही, म्हणून फुप्फुसांना जमेल. धोका आहे, नाही असं नाही. जुळीच्या बेरजेत ते थोडक्यात मागे पडलं होतं. पण बेरीज तिची आहे. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही सांगा."

"मला ताठ उभं ऱ्हायचंय."

"कशासाठी?"

आत्तीने जरा विचार केला. "गाडी ढकलताना मला गिऱ्हाइकांच्या चपला दिसत्यात. कोण कुठली चप्पल घालतं ते सगळं पाठ हाय मला. आता जरा माणसांची तोंडं बघते. रस्त्यात उभी ऱ्हाऊन, कशाला न टेकता. तेवढं व्हईल?"

"महिन्या-दीड महिन्यात होईल. पुढचे काही महिने तरी नक्की."

मॅडमनी पडद्यावर मधला रस्ता लावला. ती राखाडी बाई थांबली आणि हळूहळू सरळ होत गेली. खांदे मागे गेले, मान वर आली.

"उंच हुते की मी," आत्ती पुटपुटली.

मी तिचा हात धरला. मॅडम आत्तीकडे वळल्या.

"एक गोष्ट मला सांगावीच लागते, ताई. यात मणका बांधत नाही आपण. सैल आहे तो तसाच राहणार. तीन-चार वर्षांनी तो आणखी पुढे घसरू शकतो."

आत्तीने मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घसरू दे," ती म्हणाली. "तवर कोण बसलंय त्याला धरून."